माडीवरची जर्मन रायफल: ओळखायची कशी, किंमत धरायची कशी

खानापूर, जांबोटी, नंदगडपासून इकडं निपाणी, संकेश्वर, चिक्कोडीपर्यंत कुठल्याही जुन्या वाड्यात जावा, बंदुकीचा विषय निघाला की ती बंदूक 'जर्मन'च असते. आजोबा म्हणायचे म्हणून. हातात घेऊन बघितली की त्यातल्या बऱ्याच बेल्जियमच्या निघतात, काही बर्मिंगहॅमच्या, आणि एखादी तर चक्क जुनं पोलीस मस्केट. पण अस्सल जर्मन एकनळी शिकारी रायफल पण निघते, नाही असं नाही, आणि ती निघाली की वाटणीत भांडण लागलंच म्हणून समजा, कारण कुणीतरी पोरानं यूट्यूबवर बघून 'ही लाखात जाते' असं सोडून दिलेलं असतं.

मी इथं फक्त सिंगल शॉट रायफलबद्दल लिहितोय. म्हणजे एका वेळी एकच काडतूस, मॅगझिन नाही, नळीच्या आत फिरत्या खाचा, आणि साधारण १८८० ते दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा माल. ठासणीच्या बंदुकीचं आणि डबल बारचं गणित वेगळं, ते परत कधीतरी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. नळीच्या वर कोरलेलं नाव हे विकणाऱ्यासाठी असतं, नळीच्या पोटाखाली ठोकलेले शिक्के हे त्यांच्या सरकारी तपासणीचे असतात. ओळख खालच्या शिक्क्यांवरून करायची. आणि किंमत? ती आपल्या देशात कपाटातल्या कागदावरून ठरते, नक्षीवरून नंतर.

आधी कागद, मग बंदूक

लायसन कुणाच्या नावावर आहे, ते माणूस हयात आहे काय, रिन्यू झालंय काय, हे बघितल्याशिवाय रायफल खुंटीवरून काढू पण नका. लायसनवाला वारला असेल आणि बंदूक तशीच घरात असेल तर ती बेकायदा ठेवलेली धरली जाऊ शकते, मग ती किती का जुनी असेना. अशा वेळी पोलीस स्टेशनात किंवा लायसन असलेल्या डीलरकडं जमा करून रीतसर पावती घ्यायची आणि वारसाच्या नावावर लायसनला अर्ज टाकायचा. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम २१ मध्ये जमा करायची सोय हाय, आणि २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये वारसाला लायसन द्यायचा नियम हाय. लायसनवाला हयात असून ७० वर्षांचा झाला असेल किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडं असेल तरी वारसाला अर्ज करता येतो, हे पुष्कळ लोकांना माहीतच नसतं. बाकीच्या भावा-बहिणींचं एनओसी लागतं, तिथंच गाडी अडते. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका, वारसानं आलेली धरून. अर्ज डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला, बेळगाव शहरात राहत असाल तर कमिशनर ऑफिसला आधी विचारून घ्या.

आता 'शंभर वर्षं झाली की लायसन लागत नाही' हे जे गावभर फिरतंय ते डोक्यातनं काढा. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेल्याला अँटिक म्हणून सूट हाय, तिथले व्हिडिओ बघून आपली माणसं तेच बोलत सुटतात. आपल्याकडं कलम ४५ मध्ये जुन्या हत्याराला सूट हाय खरी, पण अट अशी की ते वापरायचं नाही आणि दुरुस्त करूनसुद्धा वापरता येणार नाही. मागनं काडतूस भरायची, चाप ओढला की घोडा पडणारी रायफल ह्यात कशी बसेल? नाही बसत. कोडगूच्या कोडव लोकांना वेगळी सवलत हाय म्हणून त्यांचं उदाहरण पण देऊ नका, ती बेळगाव जिल्ह्याला लागू नाही.

आणि कागदच नसेल, आढ्यावर गुंडाळून ठेवलेली सापडली असेल, तर गाडीत घालून कुणाला दाखवायला निघू नका. आहे तिथंच ठेवायची, वकिलाला फोन, मग वकिलाबरोबर स्टेशन.

जुने कागद मात्र सगळे सांभाळा, फाटके, वाळवीनं खाल्लेले सुद्धा, कारण तेच बंदुकीची जन्मपत्रिका. आपल्या भागातल्या कागदांना एक मजा हाय. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात, त्यामुळं तोवरच्या लायसनवर मुंबईचं हेडिंग, पुढं म्हैसूर राज्य, १९७३ पासून कर्नाटक, आणि नोंदी कन्नडमध्ये. संस्थानी मुलखातनं आलेली असेल तर दरबारचा कागद. 'इंडियन आर्म्स ॲक्ट १८७८' छापलेलं लायसन असेल तर ते नवा कायदा लागू व्हायच्या आधीचं, म्हणजे १ ऑक्टोबर १९६२ च्या आधीचं. आणि इलेक्शन आलं की बंदुका स्टेशनात जमा करतात, त्या पावत्या कुणी जपत नाही, पण त्यावर नंबर, मेक, बोअर (नळीचं माप) लिहिलेलं असतं. एकाच नंबरची तीस-चाळीस वर्षांच्या पावत्यांची चळत हातात असली तर घेणारा डोळे झाकून विश्वास ठेवतो.

लायसनवर काय लिहिलंय ते नीट वाचा. पुष्कळ ठिकाणी कारकुनानं सरसकट 'एसबीबीएल गन' लिहून सोडलंय, म्हणजे एकनळी, मागनं भरायची, छऱ्याची. तुमच्या नळीत खाचा असतील तर ती गन नाही, रायफल हाय, आणि विकायच्या टायमाला हा घोळ निघतोच. तो आधी ऑफिसात अर्ज देऊन निस्तरायचा.

रिकामी हाय का ते बघा

दहा माणसं जमलेली असतात, कुणीतरी उचलतं आणि खांद्याला लावतं. तसलं काही नको. तोंड भिंतीकडं किंवा जमिनीकडं, बोट चापाबाहेर, लिव्हर उघडून चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, टॉर्च मारायचा आणि करंगळी घालून बघायचं. जुनं काडतूस अडकलेलं दिसलं तर स्क्रू ड्रायव्हरनं टोकरू नका, तसंच उघडं ठेवून लायसनवाल्या मिस्त्रीला बोलवा.

चाप ओढून 'बघू चालतंय काय' पण करायचं नाही. रिकामा घोडा पाडला की जुनी पिन तुटते. शिवाय जर्मन रायफलीत बहुतेक वेळा सेट ट्रिगर असतोय: दोन चाप असतील तर सहसा मागचा ओढून तयार करायचा आणि पुढचा नुसता स्पर्शानं सुटतो, एकच चाप असेल तर तो पुढं ढकलला की 'टिक' होऊन तयार होतो. चापाजवळ एक बारीक स्क्रू दिसेल, त्यानं हलकं-जड करतात, त्याला हात लावू नका. हा सेट ट्रिगर स्वतःच एक खूण हाय बरं का, इंग्लिश शिकारी रायफलीत तो कमी दिसतो.

अंगावरून अंदाज

लांबून बघितलं तरी काही गोष्टी दिसतात. जर्मन एकनळी शिकारी रायफल अंगानं सडपातळ असते. नळी पुष्कळ वेळा अठपैलू, किंवा मागं अठपैलू आणि पुढं गोल. दस्त्याला डाव्या बाजूला गालासाठी उंचवटा. चापाचं कडं कधी शिंगाचं. पट्ट्याची पुढची कडी लाकडावर नाही, नळीच्या खाली. ॲक्शनवर, म्हणजे नळीच्या मागच्या लोखंडी सांगाड्यावर, ओकची पानं, हरीण, कधी रानडुक्कर कोरलेलं. नळीवर दुर्बिणीचे हूक अडकवायच्या दोन खाचा असतील तर ते त्यांचं खास काम, पण दुर्बीण आपल्याकडं कधीच हरवलेली असते, तरी पण माळ्यावर एकदा शोधा, पितळी डबा समजून पोरांनी कुठंतरी टाकलेली असती.

उघडायची पद्धत बघा. सगळ्यात जास्त दिसतं ते मोडून उघडणारं, म्हणजे छऱ्याच्या एकनळीसारखं नळी खाली पडते, जर्मन त्याला किपलाउफ म्हणतात. दुसरा प्रकार ब्लॉकचा: खालचं लिव्हर ओढलं की मागचा ठोकळा खाली सरकतो किंवा झुलतो. त्यात जर्मनीतल्या झूल गावचा हेनेल कारखाना आयट्ट पद्धतीच्या रायफली करायचा, त्या मुख्यतः टार्गेटच्या, जड नळीच्या, मागं डोळ्याजवळ उंच साईट. ती शिकारी रायफल नव्हे, पण किमतीला कमी नाही. मार्टिनी पद्धतीच्या पण जर्मनीत भरपूर झाल्या, फक्त मार्टिनी दिसली की लगेच जर्मन म्हणू नका, इंग्लंडमध्ये तर त्या ढिगानं झाल्या. तिसरा प्रकार बोल्टवाला, १८७१ चं माउझर, ११ मिलिमीटरचं, लष्करी मॉडेल, त्याचा दस्ता कापून शिकारी केलेला असतो.

आणि हे मस्केटचं प्रकरण: बोल्ट ॲक्शन, एकच गोळी, दिसायला ली-एनफील्ड, नळी आतून गुळगुळीत. ते आपल्याच इशापूरला .३०३ च्या रायफली .४१० करून पोलिसांसाठी बनवलेलं. त्याला जर्मन म्हणून कुणी विकत असेल तर चहा पिऊन उठा.

नळीच्या पोटाखाली

आता खरं काम. मोडणारी असेल तर पुढचं लाकूड काढायचं, ते एका खटक्यावर किंवा पाचरीवर असतं, मग नळी खाली पाडून हुकातनं काढायची. ब्लॉकवाली असेल तर नळी निघत नाही, पुढचं लाकूड फक्त काढायचं. स्क्रू ड्रायव्हर खाचेत अगदी बरोबर बसणारा पाहिजे, ढिला घातला की स्क्रूचं डोकं खरवडतं आणि खरवडलेलं डोकं बघून जाणकार माणूस तिथंच किंमत पाडतो. जमत नसेल तर मिस्त्रीला दोनशे-पाचशे द्या, पण हातानं चाळा नको.

शिक्के अंधारात, तेलाच्या काळ्या थराखाली असतात. मऊ फडक्याला थोडं मशीन ऑइल लावून पुसा, घासायचं नाही. मग खडूची पूड किंवा टाल्कम पावडर बोटानं चोळून वरचं पुसून टाका, खाचेत पांढरं राहतं. मोबाईलचा टॉर्च बाजूनं, तिरका धरून फोटो काढा, समोरनं फ्लॅश मारला तर सगळं पांढरंफक येतं.

जर्मनीचा तपासणीचा कायदा १८९१ चा, शिक्के सक्तीचे झाले १८९३ पासून. प्रत्येक शिक्क्यात वर मुकुट आणि खाली एक रोमन अक्षर. बी म्हणजे चाचणीत पास, यू म्हणजे तपासली, जी म्हणजे नळीत खाचा हायत, एस म्हणजे छऱ्याची नळी, डब्ल्यू म्हणजे चोक, छऱ्याच्या नळीचं तोंड किंचित अरुंद केलेलं. वर लायसनचा घोळ सांगितला ना, गन का रायफल, त्याचं उत्तर इथं धातूवरच ठोकलेलं असतं: मुकुटाखाली जी. मुकुटाखाली व्ही असेल तर कायदा आला तेव्हा दुकानात आधीच तयार असलेला माल, म्हणजे १८९३ च्या आधी बनलेला. मुकुटाखाली एन असेल तर बिनधुराच्या दारूसाठी पास, हा शिक्का १९११-१२ पासून. मुकुट जाऊन गरुड आणि त्याखाली एन आला असेल तर १९४० नंतरची तपासणी, मग अँटिक वगैरे विसरा, ती नुसती जुनी.

मुकुट दिसला म्हणजे जर्मन असंही नाही वो. लंडनच्या शिक्क्यात पण मुकुट आणि व्ही हाय. म्हणून एकट्यादुकट्या अक्षरावर जाऊ नका, बी, यू, जी असा संच बघा. लंबगोलात ई-एल-जी आणि तारा दिसला की बेल्जियमचं लिएज, विषय संपला. हाच शिक्का आपल्या भागात 'जर्मन' म्हणून सगळ्यात जास्त खपलाय.

१८९३ च्या आधीच्या रायफलीवर शिक्का नसला तरी चालतो, तेव्हा सक्ती नव्हती. पण नळीवर क्रुपचं स्टील असं लिहिलंय, नवीन पद्धतीचं साईट हाय आणि खाली एकही शिक्का नाही, तर मग कान टवकारा. नळी बदलली असेल, नाहीतर घासून शिक्के घालवलेत.

शिक्क्यांच्या शेजारी आकडे असतात. ह्यात लोक हमखास गोंधळतात. '१७२,२८' असं काहीतरी दिसतं आणि माणसं त्याला सिरियल नंबर समजून लायसनवर चढवतात. ते नळीचं माप हाय, जर्मन लोक दशांशाला स्वल्पविराम टाकतात. एक पौंड शिशातून त्या नळीच्या मापाच्या किती गोल गोळ्या होतील तो हा आकडा, आपल्या बारा बोअरमधला बारा तोच. मिलिमीटर काढायचे तर ४२.४ ला त्या आकड्याच्या घनमुळानं भागायचं. १७२.२८ चं घनमूळ ५.५६, भागाकार ७.६२ मिलिमीटर. '६७,४९' असेल तर १०.४ मिलिमीटर. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतंय. हे माप खाचांच्या मधल्या उंचवट्यापासून समोरच्या उंचवट्यापर्यंतचं, त्यामुळं काडतूस ८ मिलिमीटरचं असलं तरी नळीवर ७.६२ येतं, घाबरू नका. १९१२ च्या सुमारास हे गेजचं माप जाऊन सरळ मिलिमीटर आले, म्हणजे गेजचा आकडा असेल तर रायफल त्याआधीची धरायला हरकत नाही.

त्यानंतरच्या रायफलींवर महिना-वर्ष पण सापडतं, बारीक अक्षरात '५ २४' म्हणजे मे १९२४. एवढं मिळालं की वयाची चर्चा बंद.

नाव, गाव, पेटंट

आता नळीच्या वरचं वाचा. झूल, त्सेला, मेहलिस ही थुरिंगेनची गावं, जर्मनीचा बंदुकांचा धंदा मुख्यतः तिथला. त्सेला आणि मेहलिस ही १९१९ पर्यंत वेगळी गावं, १९१९ ला एकत्र झाली. नुसतं 'मेहलिस' लिहिलं असेल तर आधीची, 'त्सेला-मेहलिस' असं जोडून असेल तर नंतरची. ह्याच्याइतकी सोपी खूण दुसरी नाही.

झावर, हेनेल, मेर्केल, हाइम, क्रीगहोफ ही झूलची नावं असतील तर चांगलंच. पण कलकत्त्याच्या नाहीतर मुंबईच्या दुकानाचं नाव असेल तर निराश होऊ नका, तेव्हा दुकानदार तिकडनं माल मागवून स्वतःचं नाव घालायचे. कलकत्त्याच्या रॉडा कंपनीकडं माउझर पिस्तुलं यायची, त्यातली ५० पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं २६ ऑगस्ट १९१४ ला क्रांतिकारकांनी पळवली, हे इतिहासात हाय. जर्मन माल इथं सरळ दुकानात विकला जायचा एवढाच मुद्दा.

'डी आर पी' म्हणजे जर्मन पेटंट, १८७७ नंतरचं. 'डी आर जी एम' म्हणजे छोटं डिझाइन रजिस्ट्रेशन, १८९१ नंतरचं. 'मेड इन जर्मनी' किंवा नुसतं 'जर्मनी' इंग्रजीत असेल तर ती इंग्रजी मुलखात विकायला पाठवलेली, इंग्लंडचा मालावर देश लिहायचा कायदा १८८७ चा आणि हिंदुस्थानचा १८८९ चा. आणि इंग्रजीत 'नॉट इंग्लिश मेक' ठोकलं असेल तर ती इंग्लंडमार्गे आलेली, तिथं १९२५ ते १९५५ मध्ये परत तपासलेली. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं की नकली म्हणून शिक्का मारलाय, तसं नाही.

सिरियल नंबर नळी, ॲक्शन आणि पुढच्या लाकडाचं लोखंड ह्या तिन्हींवर जुळतोय काय बघा. जुळत असेल तर भाव वेगळा.

बोअर, आणि एक धोका

'८ एमएम' असं लायसनवर असतं आणि माणसाला वाटतं आपल्याकडं मिळणारं .३१५ म्हणजे पण ८ एमएमच की. .३१५ हे मॅनलिखरच्या ८×५० चं काडतूस (पहिला आकडा जाडीचा, दुसरा काडतुसाच्या नळकांड्याच्या लांबीचा, मिलिमीटरमध्ये). जर्मन रायफलीत बहुधा ८×५७ चा कानवाला, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड असलेला, प्रकार असतो. दोन्ही आठच, पण एक दुसऱ्यात घालायचं नाही, बसलं तरी नाही. आणि ८×५७ मध्येच दोन नळ्या हायत, जुनी .३१८ इंची गोळीची आणि नंतरची .३२३ ची. जुनीत नवीन गोळी म्हणजे अरुंद नळीत जाड गोळी, दाब कुठल्याकुठं जातो. तसंच ९.३×७२ हे जुनं, मऊ काडतूस, ९.३×७४ हे नवीन आणि फार तगडं, दोन मिलिमीटरचा फरक म्हणून कुणी हसण्यावारी नेऊ नका.

म्हणून बोअर नक्की करायचं तर चेंबरचा साचा काढतात, कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू ओतून. हे काम मिस्त्रीचं, घरी मेण-बिण ओतू नका, ते मोडून आत राहतं.

उडवून बघायचा तर प्रश्नच नाही. शंभर वर्षांचं स्टील, काळ्या दारूसाठी पास झालेली नळी, आणि काडतूस कुठल्या काळातलं देव जाणे. शिकार १९७२ च्या कायद्यानं बंद हाय, भीमगडच्या जंगलाकडं बोट दाखवून जुन्या गोष्टी सांगायच्या तेवढ्या सांगा.

तब्येत

कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस आणि चुलीचा धूर, ह्यात बंदूक कशी राहणार. नळीत मागनं टॉर्च टाकून पुढनं बघा. खाचांच्या कडा धारदार आणि चकचकीत असतील तर उत्तम, काळपट पण खाचा स्पष्ट असतील तर ठीक, सगळीकडं खड्डे असतील तर ती भिंतीवरची शोभा. पुढचं लाकूड काढून, बंद करून, नळी धरून हलवा, खटखट वाजली तर बिजागर झिजलंय. मनगटाजवळ, म्हणजे चापामागच्या बारीक भागात, दस्ता चिरलाय काय, पितळी पट्टी मारून, तार गुंडाळून जोडलाय काय बघा. आपल्या सुतारांनी हे काम लई मजबूत केलेलं असतं, बघायला मात्र अगदीच गावठी, आणि किंमत जाते.

परदेशी लिलावात जुन्या बंदुकीला एक मोजपट्टी वापरतात, अमेरिकेच्या एनआरएची, म्हणजे तिथल्या नॅशनल रायफल असोसिएशनची. सगळे भाग मूळचे आणि मूळ रंग-पॉलिश ८० टक्क्यांवर शिल्लक असेल तर एक्सलंट, ३० टक्क्यांवर असेल तर फाईन, त्याखाली व्हेरी गुड. त्याच्याखाली गुड, फेअर, पूअर. आपल्याकडच्या वाड्यातल्या बहुतेक रायफली प्रामाणिकपणे बघितल्या तर गुड किंवा फेअरमध्ये बसतात, आणि मालक एक्सलंटच सांगतो.

दाखवायच्या आधी 'जरा चकचकीत करू' हा किडा डोक्यात आला तर तिथंच मारा. पॉलिश पेपर, ब्रासो, लिंबू-राख, परत काळा रंग मारणं, दस्त्याला टचवूड, ह्यातलं एक जरी केलं तरी वस्तूची किंमत उतरते, चढत नाही. जुना तपकिरी रंग हा गंज नव्हे. उडणारा लाल गंज असेल तर तेल लावून दोन दिवस ठेवायचं, फडक्यानं पुसायचं. लाकडाला जवसाच्या तेलाचा पातळ हात, बास.

किंमत

आता ज्याच्यासाठी तुम्ही इथपर्यंत वाचलं ते. परदेशी लिलावाचे आकडे इंटरनेटवर दिसतात, त्यातला मागितलेला भाव सोडा, प्रत्यक्ष हातोडा पडलेला भाव बघा. आणि तोही तुमचा नव्हे. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यानं खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि बंदुकीला निर्यातीचं लायसन वेगळंच. त्यामुळं गिऱ्हाईक इथलंच, आणि इथलं गिऱ्हाईक म्हणजे ज्याच्याकडं त्या बोअरचं लायसन हाय आणि दोनची मर्यादा भरलेली नाही तो. अशी माणसं किती असणार?

आपल्याकडं परदेशी हत्यारांना भाव येतो तो आयात १९८० च्या दशकात बंद झाल्यामुळं. पण तो भाव चालणाऱ्या, गोळी मिळणाऱ्या हत्यारांचा. .३१५ ला, .३०-०६ ला गोळी देशात बनते. तुमच्या ९.३×७२ ला कुठली मिळणार? म्हणजे शेतराखणीला घेणारा माणूस गेला. राहिला तो हौशी, जुन्या वस्तूंचा शौकीन, आणि त्याला पाहिजे मूळपणा, नाव, नक्षी, जुळणारे नंबर आणि कागद, साधारण ह्याच्या उलट क्रमानं, म्हणजे कागद सगळ्यात आधी. कागद नसलेली रायफल कायद्यानं विकताच येत नाही, म्हणजे तिची किंमत शून्य, मग ती झूलच्या सगळ्यात मोठ्या कारागिराची का असेना.

भाव वाढवणाऱ्या गोष्टी: मूळ दुर्बीण तिच्याच कड्यांसकट, कातडी किंवा लाकडी पेटी, हातानं कोरलेलं हरीण (उठावाचं काम भारी, वरवर ओरखडलेलं हलकं), शिंगाचं कडं, संस्थानाचा मोहोर आणि त्याला जोडलेला कागद. नुसतं 'महाराजांनी बक्षीस दिली' ह्याला कागदाशिवाय काही किंमत नाही, प्रत्येक वाड्यात महाराजांनी काहीतरी दिलेलंच असतं. भाव पाडणाऱ्या: नळी आतून घासून छऱ्याची केलेली, कापलेली नळी (तोंडावरची नेमाची माशी नवीन झाळलेली दिसते), बदललेला दस्ता, घासून गेलेले शिक्के.

प्रत्यक्षात करायचं असं. फोटो काढा: दोन्ही बाजू, ॲक्शन जवळून, सगळे शिक्के, नळीचं तोंड, दस्त्याची चीर असेल तर ती पण, लपवू नका. एका कागदावर नाव, गाव, शिक्के, मापाचा आकडा, नळीची लांबी, नंबर, लायसनवरची नोंद. सिरियल नंबर आणि घराचा पत्ता व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, चोराला आयतं आमंत्रण. मग दोन-तीन लायसनवाल्या डीलरकडं दाखवा, एक जवळचा आणि एक लांबचा, पुण्याचा किंवा बेंगळुरूचा. जवळचा डीलर स्वतः घेणार असेल तर तो कमीच सांगणार, हा धंदा हाय, राग धरायचा नाही. प्रत्येकाला एकच विचारा: तू आज किती देणार, आणि तुझ्या दुकानात ठेवून विकलीस तर माझ्या हातात किती येणार. ह्या दोन आकड्यांच्या मध्ये कुठंतरी तुमचा भाव.

सरळ दुसऱ्या लायसनवाल्याला विकायची असेल तर कलम ५ प्रमाणं डीसी किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी कळवायचं, घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासकट, आणि कमीत कमी ४५ दिवस थांबायचं. ॲडव्हान्स घेतला म्हणून बंदूक आधी देऊन मोकळं व्हायचं नाही.

वाटणीसाठी किंमत काढत असाल तर डीलरकडनं लेटरहेडवर, तारीख घालून लिहून घ्या, आणि त्यात 'सध्याच्या स्थितीत, देशांतर्गत विक्रीसाठी' एवढे शब्द असू देत. ज्या भावाला लायसन मिळणार त्याच्या वाट्याला रायफल धरायची आणि बाकीच्यांना त्या आकड्यातला हिस्सा पैशात. एनओसीवर सह्या त्याच दिवशी, चहा गार व्हायच्या आत घेऊन टाका, एकदा का पाव्हणे मंडळी आपापल्या गावाला गेली की मग ती सही पुढच्या गणपतीलाच मिळते.